उवेच्या गळ्यात घातलेला निळा मफलर

२००४ च्या मार्चमधला शनिवार. दुपारी आमच्या मिशिगनमधल्या, नोव्हायच्या घरी उवेचा सेंड-ऑफ होता. उवे म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधला जर्मन सहकारी. दोन वर्षं आम्ही दोघांनी मिळून गाड्यांच्या ब्रेक्सच्या टेस्ट्स केल्या आणि आता तो कायमचा परत निघाला होता.

माणूस तसा मोजकं बोलणारा. पण आइस हॉकीचा विषय काढा, मग बघा! त्याच्या गावच्या टीमबद्दल बोलायला लागला की लंच अवर संपायचा... लोक मॅचभर उभे राहतात, ढोल बडवतात, गाणी म्हणतात, प्रत्येकाच्या गळ्यात टीमच्या रंगाचा मफलर.

एकदा मी त्याला डेट्रॉइटला मॅचला घेऊन गेलो होतो. येताना गाडीत म्हणाला, "मंदार, इथे स्क्रीनवर लिहून आलं की मग लोक ओरडतात. आमच्याकडे तेवढा दम कोणाला निघत नाही."

तर अशा माणसाला निरोप द्यायचा म्हणजे शाल-श्रीफळ हवंच. मिशिगनमध्ये राहतो म्हणून काय झालं! नारळ इंडियन ग्रोसरीत मिळाला. शालीच्या जागी मला एक भन्नाट आयडिया सुचली... त्याच्या टीमचाच मफलर त्याला घालायचा. आहे की नाही डोकं!

टीमचं नाव ऐकून ऐकून पाठ झालं होतं. इंटरनेटवर शोधलं तर कळलं, क्लब आता दुसऱ्याच शहरात आहे. नवीन नाव, नवीन लोगो, रंग निळा. म्हटलं, असेल बुवा, कंपन्यांची ऑफिसं नाही का हलत? सुजाता, माझी बायको, म्हणालीसुद्धा, "एकदा त्याला विचारून घे ना." पण सरप्राइज काय विचारून देतात? मागवला थेट जर्मनीहून.

कार्यक्रम मस्त रंगला. पंधरा-वीस माणसं, बटाटेवड्यांचा घाणा सुरूच. माझी आई तेव्हा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिने उवेला टिळा लावला, हातात नारळ दिला. मी दोन शब्द बोलतो म्हणून दहा मिनिटं बोललो आणि तो निळा मफलर त्याच्या गळ्यात घातला. टाळ्या!

उवेने खाली मफलरकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उतरला. "थँक यू" म्हणाला, खुर्चीत जाऊन बसला. मफलर काढला नाही. जेवण संपेपर्यंत तसाच बसून होता, प्लेटमधला वडा नुसता चिवडत.

काहीतरी चुकलंय हे मला कळत होतं, पण काय ते कळेना... सगळे गेल्यावर तोच बोलला.

त्याची टीम एका मोठ्या अमेरिकन कंपनीने विकत घेतली होती. दोन वर्षांपूर्वी कंपनीने ती उचलली आणि दुसऱ्या शहरातल्या नव्या, मोठ्या स्टेडियममध्ये नेऊन ठेवली. कंपनीला तिथे बरं पडत होतं. लोकांना कोणी विचारलं नाही. शेवटच्या मॅचनंतर सगळ्यांनी आपापले मफलर गेटला बांधले आणि घरी गेले. उवेने बांधला तो त्याच्या वडिलांचा होता. त्यानंतर महिन्याभरात त्याने मिशिगनचं असाइनमेंट मागून घेतलं.

आणि मी त्याच्या गळ्यात काय घातलं होतं? त्याची टीम घेऊन गेलेल्यांचा मफलर! वर टाळ्या वाजवून!

"अरे, मग काढला का नाहीस?" मी विचारलं.

"तुझ्या आईसमोर? तिने मला टिळा लावला होता."

मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सॉरी म्हणायला लागलो, तर उलट तोच मला समजावत बसला की तुला कुठे माहीत होतं... त्याने जास्तच लागलं.

आईला इंग्रजी बेताचंच येतं. पण किचनमधून ती सगळं बघत होती. बाहेर येऊन तिने मला काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. मग सरळ उवेकडे वळून मराठीत, "रंग कोणते होते रे बाळा?"

मी ट्रान्सलेट केलं. हिरवा आणि पांढरा, तो म्हणाला.

त्याची फ्लाइट शुक्रवारी होती. रविवारी सकाळी आईने मला लोकर आणायला पिटाळलं. आणली, तर उवेला बोलावून दाखवायला लावली. हिरवा चुकला होता. परत पिटाळलं! मग चार दिवस तिने सुया खाली ठेवल्या नाहीत. शेवटचं टोक तर मी एअरपोर्टला ड्राइव्ह करत असताना तिने मागच्या सीटवर बसून पुरं केलं.

डिपार्चर्सच्या दाराशी तिने तो त्याच्या गळ्यात घातला. एवढा सहा फुटी माणूस, वाकून तिच्या पाया पडला. त्याला हे कोणी शिकवलं देव जाणे... मला मात्र पार्किंगचं तिकीट कुठल्या खिशात ठेवलंय ते दिसेना, इतके डोळे भरले होते.

निळा मफलर अजून आमच्या गराजमध्ये आहे. गाडीवरचा बर्फ काढल्यावर काचा पुसायला बरा पडतो.

ऑक्टोबरमध्ये उवेची मेल आली, सोबत फोटो. गावात मागे राहिलेल्या लोकांनी मिळून स्वतःची टीम उभी केली होती. अगदी खालच्या लीगमध्ये, पण त्याच जुन्या रिंकवर. मालक कोणी नाही, क्लब सगळ्या सभासदांचा. फोटोत उवे स्टँडमध्ये उभा, तोंड उघडं, बहुतेक गात असावा. गळ्यात हिरवा-पांढरा मफलर, एक टोक जरा वाकडं... तेच, गाडीत विणलेलं.

खाली लिहिलं होतं, इथे सगळे विचारतायत, हा मफलर कुठे विकत मिळतो? काय सांगू?

आई तेव्हा साताऱ्याला परत गेली होती. फोनवर तिला वाचून दाखवलं. खुदकन हसली.

"विकत नाही मिळत म्हणावं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण किती जण आहेत, तेवढं विचारून ठेव."