वाया जाणारी ऊब

जुने बल्ब जमा करून वीज वाचवणारे दिवे देण्याची सरकारी मोहीम आमच्या गावात सुरू झाली ती समई पेटवून. जुना बल्ब उजेड थोडाच देतो, बाकीची वीज नुसती उष्णतेत वाया घालवतो, असं भाषणात सांगितलं गेलं. ते खरंच होतं. मीही टाळ्या वाजवल्या.

दुपारी मोहिमेचे साहेब शेजारच्या शालनमावशींकडे आले, तेव्हा मी तिथेच होतो. मावशींनी घरातले बल्ब मुकाट्याने काढून दिले. एक मात्र कोपऱ्यातल्या थर्माकोलच्या खोक्यात जळत राहिला.

"मावशी, तोही द्या. नियम सगळ्यांना सारखा."

"उद्या न्या की. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी मुंगसानं नेली, तिची अंडी आहेत त्यात. आज एकविसावा दिवस, पिल्लं निघायची."

"मग नवा दिवा लावा."

"त्याला कुठं ऊब आहे? तुम्ही बसता का अंड्यांवर?"

साहेब हसले नाहीत. झाकण उचलून वाकले. मीही वाकलो. एका अंड्याला तडा गेला होता. तांदळाच्या कणीएवढी चोच बाहेर यायची, दमून थांबायची आणि पुन्हा टोचायला लागायची. आतून बारीक चिवचिव ऐकू येत होती. सकाळी जिला आम्ही वाया गेलेली म्हटलं, ती उष्णता इथे कोंबडी गेल्यापासून आईचं काम करत होती.

साहेबांनी हातातला नवा दिवा पिशवीत ठेवला आणि खोक्याचं झाकण हलकेच लावलं.

"वारं लागेल," ते म्हणाले.