साठ पाटलोणींची बटणं

शिंपीणबाईंच्या मते त्यांच्या नवऱ्याइतका भित्रा माणूस अख्ख्या गल्लीत नव्हता. नुसती कडी वाजली तरी मास्तर आधी बायकोला पुढे करायचे.

समुद्रापलीकडच्या सरकारने बटणांवर कर बसवला. लढाई हरले ते तिकडे आणि भुर्दंड आम्हाला! प्रत्येक बटणावर सरकारी शिक्का हवा, आणि शिक्का बटणाहून महाग. बाईंचं डोकंच फिरलं. "आम्हाला कुणी विचारलं होतं का? मग देऊ कशाला?" असं म्हणत त्यांनी आपल्या कपड्यांची बटणं उसवली आणि नाड्या लावल्या. महिन्याभरात सगळं शहर नाड्या बांधून फिरू लागलं. एकाला दंड झाला की दहा जण नाड्या लावायचे. पुढे पुढे कर काढा म्हणायचंही लोकांनी सोडलं. आता तुम्हीच चालते व्हा, म्हणू लागले, आणि सरकारी कचेरीवर मोर्चा ठरला.

मास्तर मात्र शिक्क्याची बटणं लावून निमूट मशीन चालवत. त्यातच सरकारी शिपायांच्या छावणीतून साठ पाटलोणींचं काम आलं, तेही मोर्चाच्या आदल्या दिवशी हवं. मास्तर 'हो साहेब' म्हणून मोकळे.

तीस वर्षं दोघांची वाटणी ठरलेली. मास्तर शिवणार आणि बटणाची जागा ठरवायला एकच कच्चा टाका घालणार. काजं करणं, बटणं पक्की करणं बाईंकडे. या वेळी बाईंनी साफ सांगितलं, "त्या पाटलोणींना मी सुई लावणार नाही." मास्तर "बरं" म्हणाले.

मोर्चात बाई सगळ्यांत पुढे. समोर साठ बंदुका. कप्तान ओरडला, "नेम धरा!" बाईही घाबरल्या, खोटं कशाला बोला. शिपायांनी छाती फुगवली आणि नव्या पाटलोणींची बटणं टपाटप उडाली. काटकसरी सरकारने पट्टे कधीच बंद केले होते. साठ जणांनी बंदुका टाकून दोन्ही हातांनी अब्रू सावरली. आधी बाईंना हसू फुटलं, मग सगळ्या चौकाला. एवढं हसल्यावर घाबरतंय कोण? लोकांनी बंदुका उचलल्या, संध्याकाळी कचेरी घेतली, आणि वर्षाअखेर सरकारचं शेवटचं जहाज बंदरातून गेलं.

त्या दिवशी लोक मास्तरांना खांद्यावर घ्यायला आले. मास्तर मशीनमागे दडले. मोर्चानंतर जाब विचारणाऱ्या कप्तानाला सांगितलं होतं तेच पुन्हा म्हणाले, "अहो, चूक झाली. सवयीने कच्चे टाके घातले. ही काम करत नाहीये, हे डोक्यातच राहिलं नाही." बाईंना पटलं. या माणसाकडून दुसरं काय होणार!

लोक गेले. कुणीतरी हौसेने आणलेली त्या साठांतली एक पाटलोण टेबलावर राहिली होती. बाईंनी उचलली, कमरेवरून बोट फिरवलं. काज पक्कं होतं, पण वाकडं. मास्तरांना काजं कधी सरळ जमलीच नाहीत.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मी काम करत नाही हे विसरलात, तर काजं का केलीत?"

मास्तर सुईत दोरा ओवू लागले. दोरा काही केल्या जाईना.

"तू सगळ्यांत पुढे उभी राहणार, ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "दार लाव आधी."