गोमा गावाला गेलाय

साइटवर रिकाम्या सिमेंटच्या गोण्या साठतात ना, तसेच हे किस्से साठतात. मुद्दाम कोणी जमवत नाही. एक दिवस बघावं तर कोपरा भरलेला! सांगताना माझ्याकडून थोडं इकडचं तिकडे होईल. एक तर वय झालं. शिवाय चौलच्या त्या साइटवर सकाळी खाडीकडून धुकं आलं की परांचीचे खालचे मजले दिसायचेच नाहीत, वरची माणसं तेवढी हवेत तरंगायची. त्यामुळे काय पाहिलं आणि काय नुसतं वाटलं, याची खात्री मला तेव्हाही नव्हती.

चार मजली हॉटेल उठत होतं आणि मी तिथला सेफ्टी सल्लागार. स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट, तीस वर्षं शिकवलेलं. रोज सकाळी परांची तपासायची आणि 'काम सुरू करण्यास हरकत नाही' या कागदावर सही करायची, एवढंच काम. पण माझ्या सहीखाली कोणी पडला तर? दुपारी डुलकी लागली की मला माणसं पडताना दिसायची. सावकाश, पिसासारखी.

*

पहिल्याच आठवड्यात चौथ्या मजल्याच्या परांचीची एक फळी गायब! मी धावत मुख्य कॉन्ट्रॅक्टर म्हात्रेशेठकडे गेलो.

"सर, परांची रफीकभाईंची. सबकॉन्ट्रॅक्ट दिलंय."

रफीकभाई मुरुडचे, गल्फमध्ये बारा वर्षं काढलेले, अदबशीर. "प्रोफेसरसाब, सामान माझं. बांधणारी माणसं लक्ष्मण मुकादमाची."

लक्ष्मण म्हणाला, "ती फली गोमानं काढलीन."

"मग बोलाव गोमाला."

"गोमा गावाला गेलाय."

यावर आम्ही चौघांनी तासभर मीटिंग घेतली. उठताना माझं लक्ष गेलं. विटांच्या दोन थरांवर टाकलेल्या ज्या बाकावर आम्ही बसलो होतो, तीच ती फळी!

*

हेल्मेटं वीस, माणसं पस्तीस. वर जाणाऱ्यांनी ती घालायची आणि खाली आल्यावर दुसऱ्याला द्यायची, असा रिवाज त्यांनी आपापसात पाडला होता.

मी म्हटलं, "अरे, खालच्यांना नकोत का?"

लक्ष्मणला माझी खरंच कीव आली. "सर, खालचा मानूस पडून पडून कुठं पडंल?"

तेवढ्यात वरून परांचीचा एक नट टण्णकन त्याच्या पायाशी पडला. लक्ष्मणने तो उचलला, खिशात घातला आणि वर ओरडला, "ए, कोनाचा रं?"

वरून उत्तर आलं, "गोमाचा!"

*

रंगकाम करणारे दोन भाऊ होते. दोघांनी बेल्ट घातलेले, हूकही लावलेले. मी कागदावर खूण करणार, तर लक्षात आलं, थोरल्याचा हूक धाकट्याच्या बेल्टला आणि धाकट्याचा थोरल्याच्या!

"हे काय?"

थोरला म्हणाला, "आईनं सांगितलंय सर, एकमेकांना सोडू नका."

त्या दिवशी मी सही केली नाही. काम अर्धा दिवस बंद राहिलं. दुपारी म्हात्रेशेठने मला चहा पाठवला नाही.

*

सकाळी सगळ्यांना पाच मिनिटं सूचना द्यायच्या आणि हजेरीवर सह्या घ्यायच्या, असा नियम होता. महिन्याने हजेरी चाळली, तर गोमाची सही रोजच्या रोज!

"गावाला गेलाय ना तो?"

"गेलाय. पन सूचना चुकायला नको," लक्ष्मण म्हणाला.

मग मी एकेकाला गाठून विचारलं, गोमा दिसतो कसा? एक म्हणाला उंच. दुसरा म्हणाला ठेंगणा, मिशीवाला. तिसरा समुद्राकडे बघत राहिला आणि म्हणाला, "भला मानूस हाय."

*

हा किस्सा सांगायची मला लाज वाटते. एक छापील फॉर्म आला. 'चौथ्या मजल्यासाठी जबाबदार व्यक्ती' असा रकाना होता. म्हात्रेशेठने तो रफीकभाईंकडे सरकवला, रफीकभाईंनी लक्ष्मणकडे. परत आला तेव्हा रकान्यात लिहिलेलं होतं: गोमा.

मी चष्मा पुसला. आयुष्यभर पोरांना शिकवलं की भार शेवटी कुठल्या तरी खांबावर यायलाच हवा. आणि मी खाली सही केली. चौघंही हलके झालो. खोटं कशाला सांगू, मीही झालो.

*

आता शेवटचा. त्या सहीने मला चैन पडेना, म्हणून दुसऱ्या दिवशी मीच बेल्ट बांधून चौथ्या मजल्यावर चढलो. धुकं होतं. खाली साइट नव्हती, चौलच्या वाड्या नव्हत्या, नारळांचे नुसते शेंडे पोहत होते. पलीकडे रेवदंड्याच्या होड्या पाण्यात आहेत की आभाळात, कळत नव्हतं. माझ्या दोन्ही हातांत कागद. मी बघत राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही.

पायाखालची फळी सरकली.

कागद आधी गेले. सावकाश, पिसांसारखे. मी मात्र गेलो नाही. कमरेला हिसका बसला आणि मी हवेत लोंबकळत राहिलो. माझा हूक वरच्या दोराला अडकवलेला होता! मी तो लावला नव्हता. देवाशपथ सांगतो, लावायचा विसरलो होतो.

लक्ष्मणच्या माणसांनी वर ओढलं, खाली आणलं. पाणी पाजलं. मी विचारलं, "हूक कोणी लावला?"

म्हात्रेशेठने रफीकभाईंकडे पाहिलं. रफीकभाईंनी लक्ष्मणकडे.

लक्ष्मण माझ्या बेल्टचा हूक फडक्याने पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "गोमानं लावलान."

"अरे, तो गावाला गेलाय ना?"

"मंग! गेलाय. पन हूक चुकायला नको."