रुमाल टाकलेल्या खुर्च्या

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, आमच्या चर्चच्या इंग्रजी उपासनेला बसायचं तर आधी रुमाल टाकावा लागतो. नगरच्या एसटी स्टँडवर खिडकीतून टाकायची सवय मी कुवेतला सोबत आणली. पहिल्या वर्षी लोक हसले. आता केरळच्या बायकाही टाकतात. एका खुर्चीवर माझी पर्स, दुसरीवर यांचा रुमाल, तिसरी अजून पार्किंग शोधणाऱ्या मैत्रिणीसाठी.

मध्यंतरी कुठल्याशा देशात एका काळ्या माणसाला झालेल्या मारहाणीचा व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवर फिरला. पाळकसाहेबांनी उत्साहाच्या भरात मतदानच घेतलं: आपल्या मंडळीत वर्णभेद आहे का? संध्याकाळपर्यंत आम्हा भारतीयांची सगळी मतं 'नाही' आणि आफ्रिकन लोकांची सगळी 'हो'. पाळकसाहेब हादरले. लगेच समिती नेमली. समितीत आम्ही पाच जण, पाचही भारतीय, कारण इतरांना वेळ नसेल असं वाटून त्यांना कुणी विचारलंच नाही. दोन बैठका झाल्या. समोसे उत्तम होते. 'हो' म्हणणाऱ्यांचा गैरसमज प्रेमाने दूर करावा, असं एकमताने ठरलं.

माझ्या वाट्याला जाब्रियाच्या एका हॉस्पिटलातली केनियाची नर्स आली. रात्रपाळी संपवून ती थेट उपासनेला यायची आणि मागच्या भिंतीला टेकून दीड तास उभी राहायची. झोप लागू नये म्हणून उभी राहत असेल, असा माझा समज. मी फोन केला.

"सिस्टर, आमच्यातलं कोण तुमच्याशी वाईट वागतं? नाव सांगा."

"कुणीच नाही," ती म्हणाली. "सगळे हसून बोलतात. फक्त प्रत्येक रिकाम्या खुर्चीवर कुणाचा तरी रुमाल असतो. मला आता उभं राहवत नाही. या शुक्रवारी येऊन बघते, तेव्हाही जागा नसली तर यायचं थांबवते."

मला राग आला. आधी तिचा, मग बऱ्याच वेळाने स्वतःचा. मी समितीला कळवलं. सगळ्यांना वाईट वाटलं आणि सगळ्यांनी ते मनावर घेतलं.

शुक्रवारी ती दारात आली. तिच्यासाठी मी दुसऱ्या रांगेत रुमाल टाकला होता. पाळकबाईंनी पहिल्या रांगेत. समितीतल्या प्रत्येकाने, आणि ज्याच्या ज्याच्या कानावर गेलं त्या प्रत्येकाने, तिच्यासाठी एकेक खुर्ची धरली होती. तिने सगळ्या रांगांवरून नजर फिरवली आणि सवयीने मागच्या भिंतीला जाऊन टेकली.

मी धावत मागे गेले. "सिस्टर, त्या सगळ्या तुमच्याच जागा आहेत."

"माझ्या आहेत, तर त्यांच्यावर तुमचे रुमाल कशाला?"

परत जाऊन मी माझा रुमाल पर्समध्ये कोंबला. यांचाही उचलला. ती लगेच आली नाही. पहिलं गीत संपेपर्यंत तिथूनच बघत राहिली, मग येऊन माझ्या शेजारी बसली आणि प्रवचन सुरू व्हायच्या आत गाढ झोपली. मागच्या बाईंनी तिला उठवायला हात पुढे केला, तेव्हा मी वळून डोळे वटारले.