रेडिओची घाईची बातमी

गल्लीच्या टोकाच्या सलूनवाल्याला सगळे रेडिओ म्हणत. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लागेपर्यंत त्याने निम्म्या गल्लीची खबर सांगितलेली असे. फक्त बायकोच्या आजाराचा विषय निघाला, की या रेडिओला साधी खरखरही येत नसे.

बायकोला दिवस गेले होते, पण पोटात बाळ धरलंच नव्हतं. बाळाला पोसणारी वार तेवढी फुगत गेली, द्राक्षांच्या घडासारखी. डॉक्टरीणबाईंनी पिशवी साफ केली आणि बजावलं, "गरोदरपणाचं हार्मोन अजून रक्तात आहे. दर आठवड्याला मोजायचं. ते पुरतं उतरेपर्यंत पुन्हा दिवस जाता कामा नयेत." हे ऐकायला रेडिओ आत नव्हता. तो बाहेर वॉचमनला मिशी कशी ठेवावी ते शिकवत होता.

आकडा उतरत होता. पण सुया टोचून टोचून बायकोचा हात काळानिळा पडला. रेडिओला ते बघवेना. त्याने औषधाच्या दुकानातून गरोदरपणाची पट्टी आणली. "घरीच बघू गं. रक्त कशाला काढायचं?"

पट्टीवर दोन रेघा उमटल्या. बायको तोंड धूत होती, तेवढ्यात हा सलूनमध्ये पोचलासुद्धा! दुपारपर्यंत गल्लीभर झालं: रेडिओ बाप होणार.

संध्याकाळी कुणीतरी अभिनंदन केलं, तेव्हा बायकोला कळलं. ती ओरडली नाही.

"अहो, ती पट्टी बाळ ओळखत नाही. तेच हार्मोन ओळखते."

"म्हणजे?"

"म्हणजे मागचं अजून गेलेलं नाही."

पुढच्या तपासणीत आकडा चढला. त्याच्या पुढच्या तपासणीतही. या वेळी रेडिओ आत बसला होता.

"वारेचा अंश राहून वाढतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इंजेक्शनं सुरू करू. बहुतेक जणी बऱ्या होतात."

"आणि ही?"

"मोजत राहू."

पहिल्या इंजेक्शनाच्या दिवशी बायकोने त्याला हाकललं. "जा, दुकान उघडा. इथे बसून नर्सचं डोकं खाताय." नणंद सोबत थांबली. रेडिओने येऊन दुकान उघडलं. खुर्चीत पेन्शनर काका.

"काय रे, मुलगा हवा की मुलगी?"

"आकडा उतरायला हवा, काका."

"वेड्या, वजन वाढायला हवं! उतरायला कसलं?" काका खदखदून हसले.

खरं काय ते त्याच्या ओठांवर आलं होतं. तो काकांच्या त्याच गालाला पुन्हा पुन्हा साबण लावत राहिला.