मिश्काचा डावा बूट

हंगेरीतल्या सेगेद गावच्या प्लॅस्टिक सहकारी संस्थेत विल्मा शोमोदी आली तेव्हा तिला साबणाच्या डब्यांची चित्रं काढायला बसवलं, आणि बसवलं ते बसवलंच. डब्या, कंगवे, गुंड्या, पुन्हा डब्या. डबीच्या झाकणाला तिने असा खटका लावला होता की आमच्या गावातल्या निम्म्या न्हाणीघरांत सकाळी तोच वाजायचा. पण साबणाच्या डबीखाली कुणी कुणाचं नाव लिहीत नाही. तो खटका विल्माचा, हे तिच्या नवऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि नवराही आंघोळ करताना विसरायचा.

तिच्या हातांना एक वाईट खोड होती. हाती लागेल ते पिळून बघायचं. मिरपुडीची कुपी, दाराची मूठ, पाहुण्यांच्या छत्रीचा दांडा. लग्नाआधी तिने सासूच्या जुन्या बाहुलीची मान फिरवून उपटली होती आणि तरीही लग्न झालं, यावरून तिचा नवरा व्हेंदेल केवढा चांगला माणूस होता ते कळावं.

ब्याऐंशीच्या वसंतात मात्र ही खोड सगळ्या गावालाच जडली होती. ज्याच्या त्याच्या हातात रंगीत क्यूब. व्हेंदेल ट्राम चालवायचा. लोक क्यूब फिरवण्याच्या नादात आपला थांबा चुकवायचे आणि वर त्यालाच झापायचे. एकदा विल्मा त्याच्याच ट्राममध्ये बसली असताना समोरच्या बाकावरची एक हडकुळी बाई मागच्या बाईशी भांडायला लागली. गुडघे पुढे, कंबर खिडकीकडे, तोंड थेट मागे. विल्मा टक लावून बघतच राहिली.

"अगं, माणूसच फिरवायचा," ती मोठ्याने म्हणाली.

भांडणाऱ्या दोघींना वाटलं ही मध्ये पडतेय, आणि दोघी मिळून तिच्यावर घसरल्या. विल्माला त्याचं काही नव्हतं. ठोकळा काय कुणीही सरळ करील. पण डोकं पायात गेलेला माणूस पुन्हा जागेवर आणायचा, ही खरी गंमत.

पहिला माणूस तिने धुण्याच्या साबणातून कापला. चांगला देखणा तरुण, रुंद खांदे, हात दोन्ही बाजूंना. कंबर पिळली तर कोपर अडलं. हात कापून टाकले तर हनुवटी अडली. हनुवटी छाटली तेव्हा तो माणूसच राहिला नाही. असे कितीतरी तरुण तिने वाया घालवले; घरात त्या महिन्यात कपडे फार स्वच्छ निघत होते.

रविवारी दुपारी माशाचं लालभडक सूप ओरपत व्हेंदेल म्हणाला, "तुझा माणूस उपाशी आहे म्हणून अडतोय. जाड कर की त्याला. आमचा डेपोतला साहेब बघ, कुठूनही फिरव, सारखाच दिसतो."

विल्माने चमचा खाली ठेवला. "पुन्हा बोल."

"साहेबाला सांगू नकोस म्हणजे झालं."

पण ती उठून गेलीही होती. जाड माणूस! पोट गोल, डोकं खांद्यांत रुतलेलं, हात खिशात, सगळा ऐवज एका चेंडूच्या आत. मग अडणार काय आणि कशाला? तो तिने मधोमध उभा चिरला, मग आडवा, मग पुढून-मागून वेगळा. आठ तुकडे. वरच्या चारांत डोकं आणि खांदे, खालच्या चारांत पोट आणि बूट. चेहऱ्याची दोन अर्धी सारखी दिसू नयेत म्हणून तिने मिशी काढली; उजवं टोक वर, डावं खाली लोंबलेलं.

कारखान्यात साचे करणारे तोनी काका होते. त्यांनी आतला गोळा कातून दिला, खाचा पाडल्या, स्प्रिंगा बसवल्या. नमुना रंगवून झाला आणि विल्माने पहिला पीळ दिला तेव्हा अर्धी मिशी विजारीच्या बुडाला जाऊन चिकटली. काका हसता हसता स्टुलावरून घसरले. विल्मा मात्र रडत होती. इतका आनंद तिला कधी झाला नव्हता, आणि तो कुठे ठेवावा तेच तिला कळेना. त्या माणसाचं नाव मिश्का पडलं.

हसणं थांबल्यावर काकांनी मिश्काला हातात घेऊन नीट न्याहाळलं. "विल्मा, हा कोण आहे, कळतंय का तुला?"

"कोण?"

"मिशी बघ. एक टोक वर, एक खाली."

आता विल्मालाही दिसलं. संस्थेचे अध्यक्ष देझो पिंतेर बैठकीत डाव्या हाताने कागद चाळायचे आणि उजव्या हाताने मिशीचं उजवं टोक पिळायचे. त्यामुळे ते टोक कायम वर आणि डावं कायम खाली. पोटही तेच. आता दुसरा नमुना करायला वेळ नव्हता. वर्षाला एकाच नव्या साच्याचं पोलाद मिळायचं, आणि त्या साच्यावर मिश्का येणार की कपड्यांचे चिमटे, हे अध्यक्ष सोमवारी ठरवणार होते. चिमटे ठरले की मिश्का संपला.

शुक्रवारी अध्यक्षांनी मिश्का उचलला, जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि घरी नेला. क्यूब सोडवण्यात आपल्याला तोड नाही असं ते ज्याला त्याला सांगत असत.

सोमवारी सगळे टेबलाभोवती जमले. अध्यक्षांचे डोळे लाल होते. त्यांनी मिश्का टेबलावर आदळला. सात तुकडे बरोबर जागेवर होते. आठवा, डावा बूट, जागेवर होता, पण आडवा. बोटं बाहेर, टाच आत.

"माल सदोष आहे," अध्यक्ष म्हणाले. "दोन दिवस डोकं फोडलं मी. हा बूट सरळ होतच नाही. पोट मध्ये येत असणार, नाहीतर घडणच चुकली असणार. चिमटे घ्या. पुढचा विषय."

विल्माने मिश्काकडे पाहिलं आणि भीती कुठल्या कुठे पळाली.

"साहेब, हा असा होऊच शकत नाही."

"समोर दिसतोय की."

"फिरवून नाही होणार. यात एक तुकडा एकटा कधी फिरत नाही. तो जागच्या जागी वळला, तर दुसरा कुणीतरी वळलेलाच असतो. एकटाच वळलाय म्हणजे कुणीतरी मिश्काला उघडलाय आणि चुकीचा जोडलाय."

"माझ्या घरात?" अध्यक्षांचा आवाज चढला. "मी फसवून सोडवतो म्हणताय?"

"मी फक्त उघडलाय म्हणतेय. परवानगी द्या, मीही उघडते."

"आणि आत काही सापडलं नाही तर?"

"तर मिश्काचं नाव काढणार नाही. मरेपर्यंत साबणाच्या डब्या करीन."

आत काय सापडणार होतं? पण शब्द गेला होता. तिने बुटाखाली नख घालून तुकडा सैल केला, मग शेजारचा. मिश्का तिच्या तळहातावर उमलला आणि टेबलाच्या पांढऱ्या कागदावर काहीतरी भुरभुरलं. बारीक, निळसर काळं. खसखस. आणि मागोमाग भाजलेल्या पापुद्र्याचा एक तुकडा.

तोनी काकांनी बोटाला लावून चाखलं. "लिंबाची साल पण आहे. सारण चांगलं झालं होतं."

"शनिवारी आमच्याकडे खसखस भरून रेतेशची गुंडाळी..." अध्यक्ष म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी फोन ओढला आणि घरचा नंबर फिरवला. पलीकडे त्यांच्या सासूबाई होत्या. रोझालिया आजींना कमी ऐकू यायचं, म्हणून त्या फोनवर सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलायच्या.

"पडला की तो! ओट्यावरून पडला, तुकडे झाले. मग मीच जोडला. बूट कुठला कसा बसतो ते मला काय ठाऊक? तुम्ही कधी बूट जागेवर ठेवलेत का, जावईबापू, की मला ते कळावं?"

"तो ओट्यावर कशाला होता, आई?"

"मी फिरवत होते म्हणून! त्याच्यापायी माझं रेतेश करपलं. घरी आणा त्याला परत. त्याचं तोंड मागे फिरवलं ना, की मला फार बरं वाटतं. अगदी तुमच्यासारखा दि..."

अध्यक्षांनी फोन कानात खुपसला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. हिशेबनीस खिडकीतून तिसा नदीकडे बघायला लागला. विल्माने मनातल्या मनात मिश्काला निरोप दिला.

अध्यक्षांनी फोन ठेवला. उजवा हात सवयीने मिशीकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

"शुक्रवारीच ओळखला मी त्याला," ते हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम माझा एक बूट वाकडा ठेवलात. दोन दिवस मी सरळ करत बसावा आणि इथे सगळ्यांनी हसावं म्हणून."

"नाही हो साहेब," विल्मा म्हणाली. "तुमच्यावर हसायला म्हणून नव्हता केला. जाड माणूस नीट फिरतो, म्हणून केला."

तोनी काकांना खोकल्याची उबळ आली. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "जोडा," ते म्हणाले.

विल्माने बूट सरळ बसवला, मिश्का पुरता विसकटला आणि त्यांच्या हातात दिला. अध्यक्षांनी डोळे बारीक केले. डोकं वर आलं, पोट जमलं, पाठ जमली. शेवटचा पीळ दिला तेव्हा डावा बूट खटकन उजव्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. तो खटका विल्माचाच होता, साबणाच्या डबीतला. अध्यक्षांचा चेहरा शाळकरी पोरासारखा फुलला. त्यांनी मिश्का पुन्हा विसकटला आणि पुन्हा जमवला. चिमट्यांचा विषय कुणी काढला नाही.

"साचा धरा," शेवटी ते काकांना म्हणाले. मग विल्माकडे वळले. "मिशीचं डावं टोक मात्र वर करा."

"मग दोन्ही अर्धी सारखी होतील, साहेब. कोड्यात गोंधळ होईल."

अध्यक्षांनी स्वतःच्या मिशीचं डावं टोक बोटाने वर करून पाहिलं. "मग राहू दे. आणि बुटाखाली नाव घाला."

"कोणाचं?"

"तुमचं. माझं तोंड आहेच की वर."