उरलेला कोन

सुमनताई नसत्या तर मी आज गावाकडच्या गाडीत असतो. त्या आमच्या वर्कशॉपवर सगळ्यांचा स्वयंपाक करतात. पत्र्याच्या शेडसाठी लोखंडी त्रिकोण कापायचा होता. भिंतीपाशी काटकोन, खाली पस्तीस अंश; वरचा कोन काही सुचेना. शाळा आठवीतच सुटलेली, आणि लोखंड वाया गेलं तर शेठ घरी पाठवणार.

ताई भाकरी थापत म्हणाल्या, "अरे येड्या, त्रिकोणाची अख्खी भाकरी एकशेऐंशीची. काटकोन एकटाच अर्धी खातो, नव्वदची. उरलेल्या अर्धीत दोघं. एकाला पस्तीस दिलेस, दुसऱ्याला काय राहिलं?"

"पंचावन्न!"

तो त्रिकोण आता भिंतीवर आहे. जाता-येता बघतो, तर तिन्ही बाजूंनी बंद, बिनदाराची खोलीच वाटते, कामात कोंडलेल्या माझ्या इथल्या दिवसांसारखी. पण ताईंच्या भाकरीसारखा तिच्यातही माझ्यासाठी एक वाटा उरतोच.

ताईंची चूल उघड्यावर आहे. एक दिवस तिच्यावर माझ्या हातानं छप्पर घालीन.